चावडीवरच्या कारभाऱ्यांस

मराठी विकिपीडियाच्या चावडीवरच्या, म्हणजे सामाईक चर्चेच्या पानावरच्या, सर्व प्रचालकांना आणि संपादकांना,



२ ऑक्टोबर २०१८ रोजी स्टॉकहोममध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल जाहीर झाले. आर्थर ॲश्किन, जेरार मुरू आणि डॉना स्ट्रिकलंड अशी तीन नावे होती. अशा वेळी जगभरचे वार्ताहर आणि विद्यार्थी जे करतात तेच त्यांनी केले, इंग्रजी विकिपीडिया उघडला. मुरू यांच्यावरचा लेख तिथे २००५ पासून होता. स्ट्रिकलंड यांच्यावर लेखच नव्हता. दोघांना पारितोषिक मिळाले होते एकाच कामाबद्दल, लेसरची अतिशय तीव्र आणि क्षणार्धाहून छोटी स्पंदने तयार करण्याच्या तंत्राबद्दल. १९८५ साली दोघांनी मिळून जो शोधनिबंध लिहिला, त्यावर पहिले नाव स्ट्रिकलंड यांचे आहे.

त्याच वर्षी कुणीतरी त्यांच्यावरच्या लेखाचा मसुदा पाठवला होता. मे महिन्यात तपासणाऱ्या संपादकाने तो परत केला. दिलेल्या संदर्भांवरून उल्लेखनीयता सिद्ध होत नाही, असा शेरा पडला. बाई तोवर ऑप्टिकल सोसायटी या जागतिक संस्थेच्या अध्यक्ष होऊन गेल्या होत्या. नोबेल जाहीर झाल्यावर मात्र दीड-दोन तासांत लेख उभा राहिला.

त्या शेऱ्यात एकही वावगा शब्द नव्हता. सभ्य होता, नियमाला धरून होता. हे पत्र मुख्यतः तशा शेऱ्यांबद्दल आहे. शिवीगाळीबद्दलही पुढे लिहायचे आहेच, पण शिवी दिसते. तिचा स्क्रीनशॉट काढता येतो, ती देणाऱ्यावर प्रतिबंध घालता येतो, आणि चार लोक ‘छे छे’ म्हणतात. अडचण आहे ती हात जोडून बाहेरची वाट दाखवणाऱ्या वागण्याची. त्याची नोंद कुठल्याच पानाच्या इतिहासात शिवी म्हणून होत नाही.

इंग्रजी विकिपीडियाचे आकडे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असतील. मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ साली तिथे दाखल झालेल्या आणि आपण स्त्री की पुरुष हे नोंदवणाऱ्या अडतीस हजारांवर सदस्यांचा हिशेब २०११ मध्ये मांडला. त्यात स्त्रिया होत्या १६ टक्के. या साऱ्यांनी मिळून केलेल्या संपादनांत स्त्रियांचा वाटा ९ टक्के. म्हणजे मुळात येणाऱ्या थोड्या, आणि आलेल्यांचा हातही लवकर आखडणारा. नव्या स्त्री-सदस्यांची सुरुवातीची संपादने उलटवली जाण्याचे प्रमाणही पुरुषांपेक्षा जास्त निघाले. विकिमीडिया फाउंडेशनच्या तेव्हाच्या प्रमुख स्यू गार्डनर यांनी स्त्रिया का लिहीत नाहीत याची कारणे स्त्रियांच्याच शब्दांत गोळा करून फेब्रुवारी २०११ मध्ये मांडली. वेळ नाही, संपादनाची खिडकी किचकट, वादाचा वीट, लिहिलेले पुसले जाते, वातावरण पुरुषी. २०१५ पर्यंत स्त्री-संपादकांचे प्रमाण २५ टक्क्यांवर न्यायचे असे उद्दिष्ट ठरले होते. ते गाठता आले नाही.

यावर एक ठरलेले उत्तर मिळते, की पडद्यावर स्त्री-पुरुष कुठे दिसतात? तिथे नुसती अक्षरे असतात, आणि बायका लिहीत नाहीत तर त्याला कोण काय करणार?

या उत्तराचा समाचार तीस वर्षांपूर्वीच घेतला गेला आहे. सुझन हेरिंग या अमेरिकी भाषावैज्ञानिक. फेसबुकचे सोडाच, वेबनेही बाळसे धरले नव्हते तेव्हा, १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला, त्या विद्यापीठांतल्या ईमेल चर्चागटांचा अभ्यास करत होत्या. तिथे उंबरठा नव्हता, व्यासपीठ नव्हते, हात वर करायची गरज नव्हती. तरीही पुरुष जास्त आणि लांबलचक लिहीत, ठाम विधाने करत, समोरच्याला खोडून काढत. स्त्रियांच्या लिहिण्यात ‘मला वाटते’, ‘कदाचित’, आभार आणि प्रश्न जास्त. सगळ्याच पुरुषांचे आणि सगळ्याच स्त्रियांचे असे नव्हते, पण कल तसा होता. याहून बोलकी आहे ती १९९१ मधली एक घटना. लेखन शिकवणाऱ्या प्राध्यापकांचा एक गट होता. या क्षेत्रात स्त्रिया भरपूर, वातावरण पुरोगामी. ‘पुरुषांचे साहित्य’ या विषयाचा अभ्यासक्रम असावा की नाही, यावर तिथे वाद पेटला आणि काही आठवडे चालला. एकूण लिखाण पुरुषांचेच जास्त होते. दोनच दिवस असे आले की स्त्रियांचे लिहिणे पुरुषांहून अधिक झाले. त्या दोन दिवसांत काही पुरुषांनी चर्चेच्या सुरावर नाराजी नोंदवली, आणि काहींनी थेट गट सोडून जाण्याची भाषा केली.

दोन दिवस! घरात, वर्गात, सोसायटीच्या सभेत बाई बरोबरीने बोलू लागली की ‘किती बोलतात या’ असे वाटायला लागते. तेच तिथे घडले.

हेरिंग यांनी सभ्यतेबद्दलही लोकांना विचारले होते. अंगावर धावून येणारी भाषा पुरुषांना आवडते असे निघाले नाही. ती दोघांनाही नकोच होती. पण पुरुषांच्या लेखी मोकळेपणा, स्पष्टवक्तेपणा आणि वाद घालण्याचे स्वातंत्र्य यांचे मोल इतके, की थोडी धूळ उडणारच, असे ते धरून चालत. स्त्रियांच्या लेखी समोरच्याचा मान राखणे आधी येई. आता असा विचार करा, की समूहाचे नियम पहिल्या गटाने लिहिले आणि दुसरा गट उशिरा आला. ‘इथे असेच चालते’ हे वाक्य मग कुणाच्या सोयीचे?

विकिपीडियाइतकेच हे संगणकाच्या इतर चावड्यांनाही लागू आहे. गिटहबवरच्या, म्हणजे जिथे जगभरचे प्रोग्रामर एकमेकांच्या कोडला दुरुस्त्या सुचवतात त्या ठिकाणच्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात स्त्रियांच्या दुरुस्त्या एकूणात पुरुषांपेक्षा अधिक प्रमाणात स्वीकारल्या गेल्याचे दिसले. मात्र प्रकल्पाला अनोळखी असलेली स्त्री नावावरून किंवा फोटोवरून स्त्री म्हणून ओळखू येत असेल, तर स्वीकाराचे प्रमाण घसरत होते. त्यात कुणी कुणाला वेडेवाकडे बोललेच असेल असे नाही. दुरुस्ती नुसती नाकारली जाते, बस.

आता शिवीकडे.

आपल्या देशात स्त्रीने स्वतःच्या नावाने इंटरनेटवर वावरणे म्हणजे काय, याची मोजदाद झालेली आहे. ॲम्नेस्टी इंटरनॅशनल इंडियाने २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात ९५ स्त्री-राजकारण्यांना उद्देशून केलेली १,१४,७१६ ट्वीट तपासली. त्यातली १३.८ टक्के अपमानकारक किंवा आक्षेपार्ह होती. मुस्लिम स्त्रियांना धर्मावरून होणारी शिवीगाळ इतर धर्मांच्या स्त्रियांपेक्षा जवळजवळ दुप्पट होती. पुढे जुलै २०२१ मध्ये ‘सुल्ली डील्स’ आणि १ जानेवारी २०२२ ला ‘बुली बाई’ अशी दोन ॲप निघाली. पत्रकार, वकील, विद्यार्थिनी, कार्यकर्त्या अशा मुस्लिम स्त्रियांचे फोटो त्यावर लिलावाला लावले होते. दोन्ही ठेवली होती त्याच गिटहबवर. ‘बुली बाई’च्या तपासात मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने ज्यांना पकडले, त्यांत विशीच्या आसपासचे विद्यार्थी निघाले.

ही उदाहरणे देण्याचे कारण, ‘आमच्या चावडीवर असले काही होत नाही’ हे उत्तर पुरेसे नाही. जी बाई आपल्याकडे लिहायला येते, ती हे सगळे पाहून, काहीवेळा भोगून आलेली असते. टोपणनाव घेते, फोटो लावत नाही, आणि पहिल्याच संपादनावर कुणी खेकसले की पुढे काय होणार याचा अंदाज तिला आपल्यापेक्षा लवकर येतो. शेजारच्या पुरुष संपादकाला ‘जरा चिडून बोलला’ वाटते ते तिला पहिली पायरी वाटते. ती ‘फार हळवी’ आहे असे म्हणून हे मिटत नाही. तिचा हिशेब अनुभवाचा आहे.

मग पोलिसात जावे का? महाराष्ट्राला तो रस्ता चांगला माहीत आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या अंत्ययात्रेच्या दिवशी मुंबई बंद का, असे फेसबुकवर विचारणाऱ्या पालघरच्या एका तरुणीला, आणि ते नुसते ‘लाइक’ करणाऱ्या तिच्या मैत्रिणीला पोलिसांनी अटक केली. ज्या कलमाने हे शक्य झाले ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६अ कलम पुढे मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले. भावना दुखावणे, त्रास देणे असल्या ढगळ शब्दांचा दंडुका सरकारच्या हाती दिला की तो कुणाच्या पाठीवर पडेल याचा नेम नसतो. तिथे तो दोन मुलींच्या पाठीवर पडला. धमकी, पाठलाग, अश्लील चित्रे यांसाठी कायदा आहे आणि असावा. रोजच्या बोलण्याचालण्याची रीत मात्र चावडीनेच ठरवायची असते.

आणि चावडी कचरते ती नेमकी इथे. प्रत्येक समूहात एकदोन संपादक असे असतात, की काम डोंगराएवढे आणि जीभ तिखट. ‘स्वभावच तसा, पण माणूस कामाचा’ हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. विकिमीडिया फाउंडेशनने जून २०१९ मध्ये इंग्रजी विकिपीडियावरच्या अशाच एका जुन्याजाणत्या प्रचालकावर वर्षभरासाठी बंदी घातली, तेव्हा रण माजले. फाउंडेशनने समूहाला न विचारता, पुरावे न दाखवता कारवाई केली, हा आक्षेप रास्त होता. सुमारे वीस प्रचालकांनी निषेध म्हणून पद सोडले. नंतर समूहाच्याच लवाद समितीने बंदी उठवली, पण प्रचालकपद काही परत दिले नाही. त्या गदारोळात कार्यपद्धतीवर लाखो शब्द लिहिले गेले. तिखट बोलण्याने आजवर किती जण निमूटपणे निघून गेले, हे कुणी मोजले नाही, आणि मोजणार तरी कसे?

अशा कामाच्या माणसाला आवर घातला तर काम थांबते, ही भीतीही एकदा तपासून पाहायला हवी. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्या खरमरीत ईमेलांच्या तर दंतकथा झाल्या होत्या. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी जाहीर माफी मागितली, काही दिवस बाजूला झाले, आणि लिनक्सच्या विकसकांनी नवी आचारसंहिता स्वीकारली. लिनक्स बंद पडले नाही.

बाईचे लिहिणे एकाच पुस्तकावर थांबण्याचे मराठीत जुने उदाहरण आहे. ताराबाई शिंदे या बुलढाण्याच्या. १८८२ साली त्यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ पुण्यात छापून आले. ते वर्तमानपत्री वादातूनच जन्मले होते. सुरतच्या एका ब्राह्मण विधवेच्या खटल्यावरून वर्तमानपत्रांत स्त्रीजातीवर जे तोंडसुख घेतले जात होते, त्याला बाईंनी दिलेले हे जळजळीत उत्तर. त्यावर जी टीका झाली तिला तोड म्हणून जोतीराव फुले यांनी ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. म्हणजे पाठीराखाही साधासुधा नव्हता. तरी ताराबाईंनी त्यानंतर दुसरे पुस्तक छापल्याची नोंद नाही. या एका पुस्तकावर मराठीत आज ढिगाने संशोधन होते.

आता आपल्या विकिपीडियाविषयी. २००३ च्या मे महिन्यात सुरू झालेला हा ज्ञानकोश लाखभर लेखांच्या घरात आहे. नेमाने लिहिणारे हात मात्र मोजके, आणि तेही नोकरी-धंदा सांभाळून फुकट राबणारे. त्यांच्यावर ताशेरे झोडायला हे पत्र नाही. रोज ‘अलीकडील बदल’ चाळताना जाहिराती, नगरसेवकांची स्वलिखित चरित्रे, यूट्यूबरांचे कौतुकलेख आणि निव्वळ चाळे उपसायचे म्हणजे काय, हे उपसणाऱ्यालाच ठाऊक. तो कचरा काढता काढता हात सैल सुटतो. चूक कुठे होते तर सैल सुटलेला हात सगळ्यांवर सारखाच पडतो तेव्हा.

समजा, सोलापूर जिल्ह्यातल्या एका शाळेतल्या बाई आहेत. त्यांच्या गावात एक तमाशा कलावंत होऊन गेली, पंचक्रोशीत नाव होते, फड स्वतः चालवायची. रात्रीचे जेवणखाण आटोपल्यावर बाई मोबाइलवर तिच्यावर लेख लिहितात. ‘ज्ञ’ आणि ‘र्‍य’ जुळवताना वैताग येतो, तरी लिहितात. सकाळी पाहतात तर लेखाच्या डोक्यावर ‘पानकाढा’चा, म्हणजे लेख वगळण्याच्या सूचनेचा, साचा, आणि त्यांच्या चर्चापानावर ठरावीक मजकुराची एक नोटीस, जी कालच्या यूट्यूबरालाही गेली होती. उल्लेखनीयता नाही. संदर्भ हवा. खाली सही.

संदर्भ आहे. गावच्या यात्रेच्या स्मरणिकेत आहे, एखाद्या दैनिकाच्या जिल्हा पुरवणीत आहे, कुठल्याशा दिवाळी अंकातल्या लेखात आहे. इंटरनेटवर नाही एवढेच. छापील संदर्भही चालतो, त्याचा दुवा नसला तरी चालते, पान क्रमांक दिला की काम भागते, हे दोन ओळींत सांगता आले असते. बाई ते विचारत नाहीत. चर्चापान म्हणजे काय हेच त्यांना अजून उमगलेले नाही. त्या खाते पुन्हा उघडत नाहीत.

स्त्रियांची चरित्रे या चाळणीत जास्त अडकतात, याचा पुरावाही आहे. फ्रान्सेस्का ट्रिपोडी या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी इंग्रजी विकिपीडियावरच्या तीन वर्षांच्या वगळण्याच्या प्रस्तावांचा अभ्यास केला. एप्रिल २०१७ मध्ये वगळण्यासाठी सुचवलेल्या चरित्रलेखांपैकी ४१ टक्के स्त्रियांचे होते, आणि तेव्हा एकूण चरित्रलेखांत स्त्रिया होत्या १७ टक्के. उल्लेखनीयतेचा नियम कागदावर सगळ्यांना सारखा. पण वर्तमानपत्रांनी, चरित्रकोशांनी, सत्कार समित्यांनी ज्यांची दखल शंभर वर्षे घेतलीच नाही, त्यांच्याकडे तोच नियम लावून पुरावा मागितला की उत्तर आधीच ठरलेले असते.

इंग्रजीत हे बदलायला बाया-माणसे कामाला लागली, त्यांत एमिली टेंपल-वुड या वैद्यकीय विद्यार्थिनीची गोष्ट फार सांगितली जाते. तिला अश्लील, धमकीचे ईमेल येत. तिने ठरवले, की अशा प्रत्येक ईमेलामागे एका वैज्ञानिक स्त्रीवर लेख लिहायचा. २०१६ मध्ये ती त्या वर्षीच्या दोन मानकरी विकिपीडियनांपैकी एक ठरली. दुसऱ्या होत्या रोझी स्टिफनसन-गुडनाइट, ‘विमेन इन रेड’ या प्रकल्पाच्या संस्थापकांपैकी एक. इंग्रजीत २०१४ च्या अखेरीस स्त्रियांची चरित्रे साडेपंधरा टक्क्यांच्या आसपास होती, ती आता वीसच्या घरात आली आहेत ती अशा चिवटपणामुळे. टेंपल-वुड यांचे कौतुक करावे तेवढे थोडेच. पण या गोष्टीला टाळ्या वाजवताना एक खुपत राहते: घाण टाकली दुसऱ्याने, आणि निस्तरण्याचे काम पुन्हा तिच्याच वाट्याला.

चावडीला काय करता येईल? थोडे करूनही पुष्कळ होते, याची खात्री पटवणारा एक प्रयोग रेडिटवर झाला. तिथल्या विज्ञानविषयक समूहात लाखो सदस्य. नेथन मथायस या संशोधकाने काही चर्चांच्या माथ्यावर समूहाचे नियम ठळक चिकटवले, काहींच्या माथ्यावर नाही. जिथे नियम समोर होते तिथे नवख्यांचे नियमपालन आठ टक्के-बिंदूंनी वाढले. इतके तर अपेक्षितच होते. पण नवख्यांचे लिहिणे सरासरी ७० टक्क्यांनी वाढले. २०१९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नियमांचा फलक पाहून माणसे बिचकतील हा आपला समज तिथे उलटा पडला. इथे कसे वागतात हे दिसल्यावर लोक निर्धास्तपणे बोलू लागले. इंग्रजी विकिपीडियाने २०१२ पासून नवख्यांसाठी ‘टीहाउस’ नावाची विचारपूस-जागा चालवली आहे. तिथे बोलावलेले नवखे, न बोलावलेल्यांपेक्षा जास्त टिकले असे नंतरच्या अभ्यासात दिसले.

मराठीला हे इंग्रजीपेक्षा सोपे आहे. तिथे दररोज येणाऱ्या हजारो नवख्यांशी हाताने लिहून बोलणे अशक्य. आपल्याकडे लेख खरोखर लिहू पाहणारे नवखे रोज किती येतात, ते आपण बोटांवर मोजू शकता. त्यांच्यापैकी जो जाहिरातबाज नाही हे उघड दिसते, त्याला साचा न चिकटवता दोन वाक्ये स्वतःची लिहावीत. स्त्रीच्या चरित्रावर ‘पानकाढा’ लावण्याआधी आठवडाभर थांबावे, आणि त्या आठवड्यात ‘छापील काही आहे का, फोटो काढून पान क्रमांक कळवा’ असे विचारावे. लेख वगळलाच, तर मजकूर तिच्या धूळपाटीवर, म्हणजे कच्च्या लेखनाच्या पानावर, हलवून द्यावा, म्हणजे तिची रात्रीची मेहनत वाऱ्यावर जाणार नाही. आणि चावडीच्या माथ्यावर आचारसंहिता ठेवावी. विकिमीडियाची सार्वत्रिक आचारसंहिता फेब्रुवारी २०२१ पासून मराठीसकट सर्व प्रकल्पांना लागू आहे. कुणाचे योगदान, कौशल्य किंवा समूहातले वजन पाहून वागणुकीत सूट दिली जाणार नाही, असे त्यात स्पष्ट आहे. ‘माणूस कामाचा’ या युक्तिवादाला तिथे जागाच नाही.

यातून दर्जा घसरेल अशी शंका काही जण घेतील. ती खोटी नाही, कारण आठवडाभर थांबलेल्या लेखांपैकी काही शेवटी वगळावेच लागतील आणि तेवढे दिवस ते कच्चे लेख दिसत राहतील. पण यूट्यूबरांवरचे लेख काही वेळा महिनोन्‌महिने दिसत राहतात, तेव्हा कोश बुडत नाही.

एक प्रश्न मात्र आपणच सोडवू शकता. एखाद्या स्त्री-सदस्येला कुणी चर्चापानावर मागे लागून छळत असेल, किंवा ईमेलवर घाणेरडे लिहीत असेल, तर तिने ते सांगायचे कुणाला? सगळ्यांदेखत, त्याच माणसाच्या दहा ओळखीच्या मंडळींसमोर चावडीवर लिहायचे, आणि मग त्यावर कौल घ्यायचा, हा मार्ग तिच्यासाठी बंदच आहे असे समजा. दोनतीन विश्वासू सदस्यांची नावे आणि त्यांना खाजगीत कळवण्याची सोय मुखपृष्ठावर सहज सापडेल अशी असावी. त्यांत किमान एक स्त्री असावी. अशी स्त्री सध्याच्या मंडळींत तयार नसेल, तर ८ मार्चच्या संपादन कार्यशाळांना येणाऱ्यांपैकी कुणाला तरी हे काम विचारून पाहावे, आणि त्या नाही म्हणाल्या तर का नाही, तेही विचारून चावडीवर नोंदवावे.



मराठी विकिपीडियाचा एक वाचक